मेघसेवेच्या नोंदवहीत नवा घटक

एखादा खातेदार मृत्यू पावला म्हणजे त्याच्या वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यावयाची, तलाठ्याने फेरफार नोंदवहीत नोंद घेऊन हितसंबंधितांना नोटीस द्यावयाची, हरकत आल्यास तिची चौकशी व्हावयाची आणि मंडल अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच तिचा अंमल सातबारावर द्यावयाचा, ही महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील पद्धत शिरूर व दौंड तालुक्यांतील शेतकऱ्यांना चांगलीच परिचित आहे. तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले असले, तरी या पद्धतीमागील तत्त्व तेच आहे. नोंद घेणे आणि नोंद अंमलात येणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. त्या दोहोंच्या मधल्या टप्प्यात तपासणी आणि जबाबदारी यांना स्थान असते.

शासनाचा कारभार जसजसा संगणकावर येत आहे, तसतसे हेच तत्त्व एका नव्या क्षेत्रात उपयोगी पडू लागले आहे. हे क्षेत्र म्हणजे मेघसेवा किंवा क्लाउड होय. मेघसेवेच्या नोंदवहीत संस्थेने स्वतः तयार केलेला नवा घटक आज्ञावलीच्या साहाय्याने कसा दाखल करावयाचा, आणि तसे करताना कोणती दक्षता घ्यावयाची, याची माहिती पंचायत सदस्य, अधिकारी व शिक्षक यांना असणे आता आवश्यक झाले आहे. ही आज्ञावली लिहिणारा तंत्रज्ञ बहुधा बाहेरचा असतो. तिच्या परिणामांना मात्र गावालाच तोंड द्यावे लागते.

मेघसेवा म्हणजे काय

पूर्वी एखाद्या कार्यालयास संगणक प्रणाली हवी असल्यास यंत्रे खरेदी करावी लागत, त्यांसाठी वातानुकूलित खोली सिद्ध करावी लागे आणि वीजपुरवठा खंडित झाला तर कामही थांबे. मेघसेवेत ही यंत्रे सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या मोठ्या केंद्रात असतात. कार्यालय आपल्या गरजेइतकी साठवण व गणनशक्ती तेथून घेते आणि वापराप्रमाणे आकार देते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने भारतातील आपली पहिली केंद्रे २०१५ मध्ये सुरू केली, त्यांपैकी एक पुण्यात आहे. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस या कंपनीचे मुंबई विभागातील केंद्र २०१६ मध्ये आणि हैदराबाद येथील केंद्र २०२२ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक मेघसेवेविषयीचे धोरण जाहीर केले. शासकीय कामासाठी सेवा पुरवू इच्छिणाऱ्या कंपन्यांची सूची केंद्र शासनाचे इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय तयार करते.

मेघसेवेतील साधने दोन रीतींनी उभी करता येतात. पहिल्या रीतीत तंत्रज्ञ पडद्यासमोर बसून एकेक कळ दाबत जातो. दुसऱ्या रीतीत कोणती साधने हवीत, त्यांचे गुणधर्म कोणते आणि परस्परसंबंध कसा, याचा लेखी आराखडा तयार करून तो मेघसेवेस दिला जातो आणि उभारणी मेघसेवाच करते. पहिल्या रीतीचा मोठा दोष असा की, काम करणाऱ्याची बदली झाली म्हणजे काय व कसे केले हे ज्ञानही त्याच्याबरोबर जाते. शिरूरमध्ये एक मांडणी आणि दौंडमध्ये दुसरी, असा प्रकार त्यातून उद्भवतो. लेखी आराखडा दप्तरात राहतो. तो वाचता येतो, तपासता येतो व दुसऱ्या तालुक्यात जसाच्या तसा वापरता येतो. ॲमेझॉनने या कामासाठी २०११ मध्ये क्लाउडफॉर्मेशन नावाची सेवा सुरू केली. प्रस्तुत लेखात तीच उदाहरणादाखल घेतली आहे.

विस्तारघटकाची गरज

क्लाउडफॉर्मेशनला स्वतःच्या कंपनीची साधने ठाऊक असतात. परंतु ज्या साधनाची तिला ओळखच नाही, असे साधन आराखड्यात कसे लिहावयाचे?

समजा, शिरूर व दौंड तालुक्यांतील ग्रामपंचायतींनी असे ठरविले की, नळाला पाणी केव्हा येणार, दुरुस्तीसाठी पुरवठा केव्हा बंद राहणार, याची सूचना प्रत्येक नळजोडणीधारकास भ्रमणध्वनीवर संदेशाने द्यावयाची. उन्हाळ्यात आवर्तन लांबले आणि पाणी एक दिवसाआड येऊ लागले की, अशा सूचनेचे मोल घरातील स्त्रियांना सांगावे लागत नाही. नळजोडण्यांची यादी मेघसेवेतील साठवणीत राहील. मात्र संदेश पाठविण्याचे काम दुसरीच एखादी कंपनी करील आणि प्रत्येक गावासाठी त्या कंपनीकडे स्वतंत्र खाते उघडावे लागेल. या खात्याला सोयीसाठी ‘सूचनावाहिनी’ म्हणू. साठवण क्लाउडफॉर्मेशन उभी करील, पण सूचनावाहिनी तिला अपरिचित आहे. मग प्रत्येक गावाची वाहिनी हाताने उघडावी लागेल आणि आराखड्याचा हेतू अर्धाच साधेल.

ही उणीव दूर करण्यासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये क्लाउडफॉर्मेशनमध्ये नोंदवहीची, म्हणजे रजिस्ट्रीची, सोय करण्यात आली. संस्थेने तयार केलेला नवा प्रकार या नोंदवहीत दाखल झाला की, तो कंपनीच्या मूळ साधनांप्रमाणेच आराखड्यात लिहिता येतो. अशा प्रकारास विस्तारघटक म्हणता येईल. जून २०२१ पासून असे घटक इतरांच्या उपयोगासाठी सार्वजनिक रीत्या प्रसिद्ध करण्याचीही व्यवस्था झाली आहे. संस्थेपुरत्या ठेवलेल्या घटकास खासगी घटक म्हणतात आणि येथे त्याचाच विचार केला आहे.

घटकाचे दोन भाग

विस्तारघटकाचे मुख्य भाग दोन. पहिला भाग रचनापत्रकाचा. सूचनावाहिनीस कोणते गुणधर्म असतील, त्यांपैकी अनिवार्य कोणते, नंतर बदलता येणारे कोणते आणि एका वाहिनीस दुसरीपासून वेगळे ओळखावयाचे ते कोणत्या गुणधर्मावरून, हे त्यात लिहिलेले असते. छापील अर्जाच्या नमुन्याशी त्याची तुलना करता येईल.

दुसरा भाग प्रत्यक्ष कार्यवाहीचा. निर्माण करणे, वाचणे, बदलणे, काढून टाकणे आणि यादी देणे या पाच कामांसाठी लहान आज्ञावल्या लिहिल्या जातात. जावा, पायथन, गो आणि टाइपस्क्रिप्ट या संगणक भाषांत त्या लिहिण्याची साधने कंपनीने उपलब्ध करून दिली आहेत. आराखड्यात ‘या गावास सूचनावाहिनी हवी’ असे लिहिले की, क्लाउडफॉर्मेशन निर्माण करण्याची आज्ञावली चालविते आणि ती संदेश कंपनीशी संपर्क साधून खाते उघडते.

घटकास त्रिपदी नाव द्यावे लागते. संस्था, सेवा आणि साधन अशी त्याची तीन पदे असून ती दुहेरी विसर्गचिन्हांनी जोडतात. प्रत्यक्षात हे नाव रोमन लिपीत लिहावयाचे असते. आपल्या उदाहरणात ते ‘पंचायत::पाणी::सूचनावाहिनी’ असे होईल. ॲमेझॉन, एडब्ल्यूएस, कस्टम यांसारखी काही नावे कंपनीने राखून ठेवली आहेत. ती पहिल्या पदी वापरता येत नाहीत.

नोंदणीची कार्यपद्धती

नोंदणी पडद्यावरील कळा दाबून न करता आज्ञावलीनेच करावी, हे इष्ट होय. त्यामुळे नोंदणी केव्हा झाली, कोणत्या क्रमाने झाली आणि कोणी केली, याचा पुरावा राहतो. कार्यपद्धतीचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत.

१. प्रथम घटकाची चाचणी घ्यावी. निर्माण केलेली वाहिनी वाचता येते काय, काढून टाकलेली वाहिनी पुन्हा वाचावयास गेल्यास ‘सापडत नाही’ असे स्पष्ट उत्तर येते काय, एकच ओळख असलेली वाहिनी दुसऱ्यांदा निर्माण करू पाहिल्यास नकार मिळतो काय, अशा ठरावीक कसोट्या कंपनीने घालून दिल्या आहेत. त्या तंत्रज्ञाच्या संगणकावरच चालविता येतात.

२. रचनापत्रक व आज्ञावल्या यांचे एक गाठोडे बांधून ते मेघसेवेतील साठवणीत ठेवावे.

३. त्यानंतर ‘रजिस्टर टाइप’ ही आज्ञा द्यावी. तीत घटकाचे नाव, गाठोड्याचा पत्ता, घटकास कोणते अधिकार असतील ते सांगणारी भूमिका आणि कार्यनोंदी कोठे लिहावयाच्या, हा तपशील द्यावा. कार्यनोंदींचा तपशील ऐच्छिक असला, तरी शासकीय कामात तो अनिवार्य मानावा.

४. आज्ञा दिल्याबरोबर नोंदणी पूर्ण होत नाही. मेघसेवा केवळ एक टोकन देते. तलाठी कार्यालयात वर्दी दिल्यावर पोच मिळते, तसेच हे आहे. त्या टोकनाच्या आधारे आज्ञावलीने थोड्या थोड्या वेळाने ‘काम चालू आहे’, ‘पूर्ण झाले’ किंवा ‘अयशस्वी’ यांपैकी कोणती स्थिती आहे, याची विचारणा करीत राहावयाचे. टोकन मिळाले म्हणजे काम झाले असे गृहीत धरून पुढील आज्ञा देणारी आज्ञावली सदोष समजावी.

५. नोंदणी अयशस्वी झाल्यास कारण लिहून घेऊन तेथेच थांबावे. पूर्ण झाल्यास घटकाच्या त्या आवृत्तीस ओळखक्रमांक मिळतो. तो दप्तरात नोंदवावा.

नोंदणी ही त्या खात्यापुरती आणि त्या विभागापुरती असते, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. मुंबई विभागात दाखल केलेला घटक हैदराबाद विभागात आपोआप उपलब्ध होत नाही, जसा शिरूरच्या गावातील फेरफार दौंडच्या गावच्या वहीत आपोआप उतरत नाही. आपत्तीच्या वेळी दुसऱ्या विभागातून सेवा चालविण्याचा विचार असेल, तर तेथेही नोंदणी अगोदर करून ठेवावी लागते.

प्रचलित आवृत्तीचा निर्णय

घटकाची पहिली आवृत्ती दाखल झाली की तीच आपोआप प्रचलित ठरते. त्यानंतरच्या आवृत्त्यांचे तसे नाही. त्या नोंदवहीत येतात, परंतु ‘ही आवृत्ती प्रचलित करावी’ अशी वेगळी आज्ञा दिल्याशिवाय वापरात येत नाहीत. आरंभी उल्लेखिलेल्या फेरफाराच्या पद्धतीशी याचे साम्य उघड आहे. नोंद झाली, पण प्रमाणन अद्याप व्हावयाचे आहे, अशी ही अवस्था होय.

दौंड जंक्शनचे उदाहरण याहून बोलके आहे. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांची इंजिने दौंड येथे उलट बाजूस लावावी लागत. हा खोळंबा टाळण्यासाठी दौंड कॉर्ड लाईन बांधण्यात आली. परंतु नवा लोहमार्ग रूळ टाकून झाला म्हणून प्रवासी वाहतुकीस खुला होत नाही. रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी तपासणी करून मान्यता द्यावी लागते. एका चुकलेल्या सांध्याचा परिणाम त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीवर होतो. प्रचलित आवृत्तीचेही तसेच आहे. ती बदलली की त्या प्रकारच्या घटकावर यापुढे होणारी प्रत्येक कार्यवाही नव्या आज्ञावलीने होते, मग गाव शिरूरचे असो की दौंडचे.

यासाठी नोंदणी करणारा आणि आवृत्ती प्रचलित करणारा या दोन व्यक्ती वेगळ्या असाव्यात. दोन्ही आज्ञा एकाच दमात देण्याची सोय साधनांत आहे. ती चाचणीच्या खात्यात वापरावी, लोकांच्या सेवेच्या खात्यात वापरू नये. नवी आवृत्ती सदोष आढळल्यास जुनी पुन्हा प्रचलित करता येते, म्हणून जुनी आवृत्ती लगेच काढून टाकण्याची घाई करू नये. नोंदवहीतील नियमही या दक्षतेस पूरक आहे. इतर आवृत्त्या अस्तित्वात असताना प्रचलित आवृत्तीची नोंद रद्द करता येत नाही. मात्र एकुलती एक आवृत्ती रद्द केली, तर सबंध घटकच रद्द होतो आणि त्या प्रकाराची कोणतीही कार्यवाही क्लाउडफॉर्मेशनमार्फत करता येत नाही.

नाव आणि ओळख

रचनापत्रकातील एक बाब वरवर क्षुल्लक दिसते, परंतु सर्वांत मोठी हानी तिच्यामुळेच संभवते. काही गुणधर्म केवळ निर्मितीच्या वेळीच ठरतात, असे पत्रकात लिहिता येते. असा गुणधर्म नंतर आराखड्यात बदलला, तर क्लाउडफॉर्मेशन असलेल्या साधनात दुरुस्ती करीत नाही. ती नवे साधन निर्माण करते आणि मग जुने काढून टाकते.

आता सूचनावाहिनीची ओळख गाव, तालुका व जिल्हा यांच्या नावांवरून ठरविली, अशी कल्पना करावी. गावाचे नाव बदलले, अथवा लेखनातील चूक कोणी सद्हेतूने दुरुस्त केली, तर त्या गावासाठी नवी रिकामी वाहिनी उघडली जाईल आणि जुनी वाहिनी, तिच्यात साठलेल्या नोंदींसह, काढून टाकली जाईल. ही भीती अनाठायी नाही. घोड आणि भीमा ओलांडली की लागणाऱ्या अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. पलीकडच्या गावांनी ही व्यवस्था त्यापूर्वी स्वीकारली असती आणि ओळख नावावर बेतलेली असती, तर आराखड्यातील एका शब्दाच्या दुरुस्तीने सबंध जिल्ह्याच्या वाहिन्या पालटल्या असत्या.

यावरील उपाय तीन आहेत. ओळख नावावरून न ठरविता पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतील गावाच्या संकेतांकावरून ठरवावी, कारण लेखनातील दुरुस्तीने संकेतांक बदलत नाही. नाव हा बदलता येण्याजोगा साधा गुणधर्म ठेवावा. दुसरे असे की, बदल अंमलात आणण्यापूर्वी क्लाउडफॉर्मेशनकडून बदलांची सूची मागविता येते. तिला चेंज सेट म्हणतात. कोणते साधन केवळ दुरुस्त होणार आणि कोणते पालटले जाणार, हे तीत दिलेले असते. ती वाचल्याशिवाय मंजुरी देऊ नये. तिसरे म्हणजे, साधन पालटले गेले तरी जुने काढून टाकू नये, असा निर्देश आराखड्यात देता येतो. ज्या साधनांत लोकांच्या नोंदी आहेत, त्यांस तो आवर्जून द्यावा.

अधिकार कोणाच्या हाती

घटकाच्या आज्ञावल्या ज्या भूमिकेखाली चालतात, तिला आवश्यक तेवढेच अधिकार असावेत. सूचनावाहिनी उघडणाऱ्या घटकास पाणीपट्टीच्या नोंदी वाचण्याचे कारण नाही. सोयीसाठी सर्वच अधिकार एका भूमिकेस देण्याचा मोह तंत्रज्ञास होतो, तो मान्य करू नये.

याहून महत्त्वाचा प्रश्न खात्याच्या मालकीचा. नोंदवही मेघसेवेच्या खात्याशी बांधलेली असते. ते खाते ठेकेदाराच्या नावे असेल, तर ठेक्याची मुदत संपताच घटक, त्याच्या आवृत्त्या आणि कार्यनोंदी त्याच्याकडेच राहतील. यासाठी खाते संस्थेच्या नावे, त्याची मुख्य किल्ली जबाबदार अधिकाऱ्याकडे आणि रचनापत्रक व आज्ञावल्या यांची मूळ प्रत संस्थेच्या दप्तरी, या तीन अटी करारनाम्यातच घालाव्यात. अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्येही हेच तत्त्व आहे. माहिती कोणत्या हेतूने व कशी वापरावयाची हे जी संस्था ठरविते, तिच्या वतीने दुसऱ्याने काम केले तरी जबाबदारी तिचीच राहते. नळजोडणीधारकांचे भ्रमणध्वनी क्रमांक ही अशीच वैयक्तिक माहिती आहे.

खर्चाचाही अंदाज घ्यावा. खासगी घटकाच्या कार्यवाहीस ठरावीक मासिक संख्येपुढे आकार पडतो. विनाकारण पुन्हा पुन्हा चालणारी आज्ञावली ग्रामनिधीवर भार टाकते.

सभेत विचारावयाचे प्रश्न

संगणक प्रणालीचा प्रस्ताव ग्रामपंचायतीपुढे अथवा पंचायत समितीपुढे येईल, तेव्हा सदस्यांना आज्ञावली वाचता येण्याची गरज नाही. पुढील प्रश्न विचारले तरी पुष्कळ साधेल. खाते कोणाच्या नावे आहे? घटकाची नोंदणी आज्ञावलीने झाली आहे काय आणि तिची प्रत दप्तरी आहे काय? सध्या प्रचलित आवृत्ती कोणती, आणि ती कोणी व केव्हा प्रचलित केली? गावाची ओळख नावावर आहे की संकेतांकावर? काही बिघडल्यास मागील आवृत्तीवर परत कसे जावयाचे, याची चाचणी घेतली आहे काय?

माध्यमिक शाळांतील शिक्षकांनाही हा विषय वर्गात नेता येईल. विद्यार्थ्यांनी आपल्या शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तकासाठी रचनापत्रक तयार करावे, त्यातील कोणता गुणधर्म कधीच बदलू नये हे ठरवावे आणि पुस्तकाचे नाव चुकीचे लिहिले गेल्यास काय होईल, याची चर्चा करावी. दाखल क्रमांक हाच ओळखीचा खरा आधार का, हे त्यांना संगणकाशिवायही उमगेल.

फेरफाराची नोंद प्रमाणित करण्यापूर्वी मंडल अधिकारी वर्दी पाहतो, नोटीस बजावल्याची खात्री करतो आणि हरकत नसल्याचे तपासतो. त्या स्वाक्षरीमागे कोणाची तरी जमीन आहे, हे तो जाणून असतो. मेघसेवेतील आवृत्ती प्रचलित करणारी आज्ञा एका ओळीची असते आणि ती देण्यास क्षणही लागत नाही. तिच्यामागे शिरूरच्या वा दौंडच्या एखाद्या वाडीवरील घर आहे, आणि उद्या पाणी किती वाजता येणार याची त्या घराला वाट पाहावयाची आहे, एवढे ती आज्ञा देणाऱ्याने ध्यानात ठेवावे.